चुकीची खोली

पत्ता औषधाच्या दुकानातल्या पोरीनं दिला,
पावतीच्या पाठीवर, मी न विचारता.
मी फक्त खोकल्याचं औषध मागितलं होतं,
त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.
"मंगळवारी आठला. पाटी नाही. हिरवं दार."
आणि सुटे पैसे मोजत बसली,
जणू उद्याचं हवामान सांगितलं.

पुंता अरेनासला त्या मंगळवारी वारा असा
की नगरपालिकेनं चौकात दोर बांधलेले.
दोराला धरून माणसं रस्ता ओलांडत होती,
बायका, पाद्री, बँकेतला साहेब.
दोर बांधणं हे माझं काम. सव्वीस वर्षं बोटीवर.
सामुद्रधुनी ओलांडून पोर्वेनिरला जायचं, परत यायचं.
पोर्वेनिर म्हणजे येणारा काळ.
रोज जाऊन आलोय मी तिथं
खिशात चपटी बाटली घेऊन,
तिथून आणलं मात्र काहीच नाही.

बांधणाऱ्यानंच दोर धरायचा म्हणजे...
लाज वाटली. टोपी उडाली.
मग धरला.

हिरवी दारं तीन निघाली.
पहिलं लोकरीच्या गोदामाचं, त्याला कुलूप.
दुसऱ्याआडून कुत्रा भुंकला.
तिसऱ्यासमोरून मी चारदा गेलो,
यास्नाला काय सांगायचं ते जुळवत:
सापडलं नाही गं पोरी, खरंच शोधलं.
वाक्य चांगलं जमलं होतं.
दार वाऱ्यानं ढकललं, असं मी अजूनही सांगतो.

आत गोल मांडलेल्या खुर्च्या,
किटली, बशीत बिस्किटं,
बारा-तेरा दमलेले चेहरे.
हेच ते.
कुणी काही विचारायच्या आत, उभ्या उभ्याच,
कारण बसलो असतो तर जमलं नसतं:
मी ओविदियो. मला दारू सुटत नाही.
लेकीला पदवी मिळाली तेव्हा मी गाडीत झोपलो होतो.
माझ्या खुर्चीवर तिनं स्वतःचा कोट ठेवला,
कुणी बसू नये म्हणून.
आणि पाच वर्षांमागे धक्क्यावर
माझी गाठ सुटली, नव्या पोराचं बोट गेलं.
मी म्हणालो, दोर ओला होता.
दोर कोरडा होता.

कुणी हललं नाही.
कुणाच्या तरी दातांखाली बिस्किट मोडलं.
मग जाड भिंगांच्या सुनिल्दाबाईंनी वही मिटली.
"बाळा, ही गळक्या टाकीची बैठक आहे.
आम्ही भाडेकरू.
तुझी माणसं वरच्या मजल्यावर."

कोपऱ्यात कुणी खुदकन हसलं.
मीही हसणार होतो, पण कान पेटले होते.
"चहा पिऊन जा," त्या म्हणाल्या,
"आणि जिना जपून चढ. चौथी पायरी नाही.
तोही विषय आजच्या यादीत आहे."

चहा घशाखाली उतरला, गरम, बेताचा गोड.
कुणी माझ्याकडे बघत नव्हतं,
सगळे माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम.
नळदुरुस्तीवाला उठला, टॉर्च घेऊन जिन्यापर्यंत आला.
"माझा भाऊ येतो वर. दर मंगळवारी.
मी कधी गेलो नाही त्याच्याबरोबर."
चौथ्या पायरीच्या जागी त्यानं उजेड धरला,
मी पलीकडे पाय टाकेपर्यंत.
तिथून तो खालीच वळला. टाकीचं राहिलं होतं.

वर पोचलो तेव्हा सव्वानऊ.
खोली रिकामी. एक उंच माणूस
खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होता.
"संपलं?" मी विचारलं.
यास्नासाठी जुळवलेलं वाक्य अजून तोंडात होतं,
एक शब्द बदलला की भागलं असतं.

त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, टोपी नसलेल्या,
वाऱ्यानं उभ्या झालेल्या केसांकडे.
नाव सांगितलं, द्रागो. माझं विचारलं नाही.
थप्पीतल्या वरच्या दोन खुर्च्या ओढू लागला.
एकमेकींत गच्च रुतल्या होत्या त्या.
त्याला एकट्याला निघेनात.
मी दुसरीकडून धरलं.